लालीबाईचं रडणं

ट्रक नाक्यावर थांबला तसा लालीबाईनं जैबुनबीचा हात सोडला आणि धावत सुटली.

सकाळपासून दोघी बोरीच्या नाक्यावर लिंबाखाली बसल्या होत्या. वणीजवळ सरकीचा ट्रक उलटला, दोघांतला एक गेला, दोघांनाही दुपारी दुसऱ्या ट्रकनं आणतात, एवढाच निरोप होता. गेला कोण, हे निरोप्याला ठाऊक नव्हतं. उलटलेल्या ट्रकवर लालीबाईचा मुलगा देवसिंग होता आणि जैबुनबीचा मुलगा गफ्फार. देवाकडे मागायचं तरी काय? आपलं मागावं, तर ते शेजारी बसलेलीच्या मुळावर यायचं. म्हणून दोघी गप्प होत्या.

जैबुनबी लिंबाखालीच बसून राहिली. गर्दी ट्रकला अशी चिकटली की मागच्यांना काही दिसेना. मग पलीकडून लालीबाईचा आवाज उठला. लांब, सूर धरून.

"गेला वाट्टे देवसिंग," मागून कोणी म्हणालं.

बोरीतली कोकिळा धावत आली. तिनं जैबुनबीचे खांदे धरले.

"जैबुनबी, तुहा गफ्फार वाचला वं! ऊठ, बसून काहून राह्यली?"

जैबुनबी उठली नाही.

बोरीला रडणं माहीत ते एकच, मरणाचं. विदर्भ मुंबई राज्यात जाऊन दोन वर्षं झाली होती, मुंबई जवळ आली म्हणत. नाल्यापलीकडचा लालीबाईचा बंजारा तांडा मात्र बोरीला अजून लांबच होता. तिथे जाऊन बसणारी एक जैबुनबीच, बांगड्यांची टोपली घेऊन. पहिल्यांदा गेली तेव्हा लालीबाई एका बाईच्या गळ्यात पडून अशीच रडत होती. जैबुनबी टोपली टाकून धावली, कोण गेलं म्हणून विचारू लागली, आणि तांड्यातल्या बाया हसून हसून लोळल्या. कोणी गेलं नव्हतं. बहीण भेटायला आली होती. जिवाचं माणूस भेटलं की तांड्यात असंच रडतात.

"सोड मले, कोकिळा," जैबुनबी म्हणाली. "तिचं पोरगं भेटलं तिले."

गर्दी बाजूला झाली. डोक्याला पट्टी बांधलेला देवसिंग आईच्या मिठीत उभा होता. लालीबाईची नजर जैबुनबीवर पडली आणि तिचा सूर तुटला. तिनं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला.

जैबुनबी कशीबशी उठून तिच्यापाशी गेली. तो बोळा तिनं आपल्या हातानं काढला.

"रड वं बाई. पोरगं भेटलं तर रडाच लागते. तुहं पुरं होऊ दे," ती म्हणाली. "मंग माह्यासंग रडजो."