बाईंचा घास

पहिलीच्या वर्गात कुणीतरी विष कालवतंय, याची लताबाईंना खात्रीच पटली होती. प्रश्न एवढाच होता, कोण?

बुधवारी शाळा सुटल्यावर कशिशची आई रुखसार फाटकाशी थांबली होती. "बाई, पोरीचा डबा जसाच्या तसा वापस येतो. तिच्याजवळ कोणी बसत नाय म्हणती. शनिवारपर्यंत बघते, नायतर नाव काढून घेते."

तेव्हापासून लताबाईंना जो तो चोर दिसू लागला. पहिला संशय साक्षीच्या आईवर, कारण ती जरा जास्तच गोड बोलायची. मग बंटीचे आजोबा सहादू. 'ती लोकं किती आहेत हो वर्गात?' असं त्यांनी परवाच विचारलं होतं. वर्ग झाडणाऱ्या सुलाबाई पोरांशी काय कुजबुजतात, तेही बाईंनी दाराआड उभं राहून ऐकलं. सुलाबाई फक्त चपला नीट ठेवायला सांगत होत्या.

बाईंची चीड पुस्तकी नव्हती. सिन्नरकडच्या गावात त्या शिकल्या, तेव्हा गुरुजी त्यांची पाटी लांबूनच तपासायचे. कधी हातात घेतली नाही. ते आठवलं की अजूनही त्यांचं डोकं फिरायचं.

शुक्रवारी डब्याच्या सुट्टीत पोरं गोल करून बसली. बाईंचा रिवाज होता, प्रत्येक डब्यातला एक घास घ्यायचा. बाईंनी घास घेतला की तो डबा पास. मग पोरं त्याच्यावर तुटून पडायची. कशिश मात्र खिडकीशी एकटीच बसली होती.

बाईंनी बंटीला बाजूला घेतलं. "खरं सांग, कशिशचा डबा खायचा नाही असं कोणी सांगितलं? आईने? आजोबांनी?"

"कोणीच नाय."

"मग?"

बाई वेड पांघरून पेडगावला चालल्यात, अशा नजरेने बंटीने त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हीच नाय खात ना तिचा."

कशिशने डबा पुढे केला की 'पोट भरलं गं बाळा' म्हणायचं आणि लगेच साक्षीचा लाडू खायचा, हे रोजचंच होतं. यांच्या घरी त्याच भांड्यात काय काय शिजत असेल, ही शंका त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवली नव्हती. पण चोवीस पोरं रोज बघत होती. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या जाऊन कशिशशेजारी फरशीवर बसल्या. डब्यात चपाती आणि बटाट्याची भाजी होती.

"दे ना गं एक घास."

कशिश बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने अगदी लहानसा तुकडा मोडून दिला. बाईंनी तो तोंडात टाकला. सगळा वर्ग जेवायचा थांबला होता.

कशिश गुडघ्यांवर पुढे सरकली, बाईंच्या गळ्यावर नजर लावली आणि म्हणाली, "आता गिळून दाखवा."