पुलपिटामागची पायरी

शनिवार, सकाळचे दहा. चर्च गच्च भरलेलं. जिथून संदेश देतात त्या उंच पुलपिटासमोर शवपेटी, पेटीत म्हातारी दाई. पुलपिटामागे मी. मी लाकडी पायरी बोलतेय.

माझा जन्म एका मोडक्या बाकातून झाला. या मंडळीत एक बाई आहेत, सगळे त्यांना बायबलबाई म्हणतात. अंगानं एवढ्याशा. संदेश द्यायला पुलपिटामागे उभ्या राहिल्या की समोर नुसता अंबाडा दिसायचा. त्यांचे यजमान सुतार. म्हणाले, "अगं, लोकांनी संदेश ऐकायचा की अंबाड्याचं दर्शन घ्यायचं?" आणि मला ठोकून दिलं.

तेव्हा मंडळीला पाळक, म्हणजे धर्मगुरू, मिळत नव्हता. आजाऱ्याच्या उशाशी बसणं, लेकरांना गाणी शिकवणं, रविवारचा संदेश, सगळं बाईंच्याच गळ्यात. तेव्हा कुणाला शास्त्र आठवलं नाही. नवे पाळक आले आणि मंडळीचा कारभार बघणाऱ्या तिघाही पंचांना एकाएकी आठवलं: बाईनं पुलपिटावरून उपदेश करू नये. मी अडगळीच्या कोठीत गेले, डोक्यावर रंगाचे डबे आले. प्रभुभोजनाचे प्याले विसळायला मात्र बाई चालत होत्या.

मोठे पंच म्हणाले, "प्रार्थना करा की बाई, कोण नको म्हणतंय? फक्त खाली उभ्या राहून करा."

"देवाला खालूनही ऐकू जातं, काका. अडचण तुमच्या कानांची आहे."

यजमान गेले. बाई घरोघर जाऊन प्रार्थना करत राहिल्या. मी धूळ खात राहिले.

मग दाईनं अंथरूण धरलं. निम्मी मंडळी तिच्याच हातांनी जगात आलेली. तिला स्वतःला मूलबाळ नाही. तिनं तिघा पंचांना उशाशी बोलावून बजावलं, "माझ्या पेटीपुढं बायबलबाईच बोलेल. तीही पुलपिटावरून. ती मला ओळखते. तुमच्या नाळा मी कापल्यात रे, एवढं तरी ऐका." मरणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणणार? तिघांनीही माना डोलावल्या.

शुक्रवारी संध्याकाळी कोठीचं दार उघडलं. डब्यांआडून चेहरा दिसायच्या आत कुणीतरी मला उलटं केलं. उलटी पडले की मला फक्त फरशी दिसते. करवत चालली. पुढचे दोन्ही पाय आतल्या बाजूनं कापले, सालपटाएवढे ठेवले. मग मला तसंच उलटं नेऊन अंधारात पुलपिटामागे सुलटं ठेवलं. लाकडाला ओरडता येत नाही.

शनिवारी बाई माझ्यावर चढल्या. पेटीकडे बघून म्हणाल्या, "हिला मी ओळखत होते..." आणि माझ्यासकट कोसळल्या.

त्यांना उचलून नेलं. पाळकांनी चार वाक्यांत उरकलं: दाई आदर्श माता होती, पोटच्या लेकरांना तिनं देवाच्या भयात वाढवलं. बायकांच्या बाकावरून आवाज आला, "अहो, तिला लेकरू नव्हतं!" पाळकांनी आमेन म्हणून पुस्तक मिटलं. पेटी उचलली गेली.

बाईंचं खुब्याचं हाड मोडलं. आता त्या अंथरुणातून उठत नाहीत. पंच म्हणतात, "लाकूड जुनं, कुजलं होतं." कुजलेल्या लाकडाचा भुगा होतो. माझ्या पायांवरचे काप पाव कापल्यासारखे सरळ आहेत. तुकडे कोठीत पडलेत, या, बघून घ्या.

कोठीला एकच कुलूप आहे. किल्ल्या तिघा पंचांकडेच असतात. शुक्रवारी संध्याकाळी ते कुलूप कुणी उघडलं, हे त्यांना अजून कुणीही विचारलेलं नाही.