थांबणारं यंत्र

मला यंत्रातलं कळतं, असं मी स्वतःच गावभर सांगत फिरलो होतो. त्यामुळे पुढे जे झालं त्यात बोल लावायला दुसरं कुणी सापडत नाही.

लढाई संपली आणि शेहेचाळीस साली मी पलटणीतून घरी आलो. पाच वर्षं लष्कराच्या लॉऱ्या हाकल्या होत्या. तेव्हा किष्णात ड्रायव्हर म्हटलं की माझी छाती जरा फुगायचीच. पलूसच्या खालच्या अंगाला आमची वाडी. चुलतभाऊ गुंडा आणि मी मिळून लष्कराच्या लिलावातला एक जुना ट्रॅक्टर आणला. त्याच्या बगलेला एक रुंद चाक होतं. त्यावर पट्टा चढवला की ट्रॅक्टरच्या जोरावर दुसरं यंत्रही फिरवता यायचं. ते बघितलं आणि माझ्या डोक्यात कडबा कुट्टीच्या यंत्राने घर केलं.

घरात बारा जनावरं होती. त्यांचा कडबा बारीक करायला माझी बायको अंजना आणि थोरली वहिनी अंबूबाई रोज सकाळी कोयते घेऊन बसायच्या. थोरला भाऊ मी लढाईत असताना तापाने गेला. तेव्हापासून घराचा गाडा वहिनीच ओढत होत्या. त्या माण तालुक्यातल्या. बोलणं अगदी मोजकं, पण बोलल्या की गुंडासारखा आडदांड गडीही खाली बघायचा. त्यांच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती. दोन बोटं गुऱ्हाळात चरकाला ऊस घालताना गेली होती.

माधवनगरच्या एका दुकानात कुट्टीची दोन यंत्रं होती. एक चांगलं थोराड, चाक माझ्या छातीला लागणारं, तोंड एवढं मोठं की अख्खी पेंढी सहज आत जावी. दुसरं त्याच्या निम्म्या अंगाचं, अरुंद तोंडाचं, कडेला एक लोखंडी दांडा असलेलं. दुकानदार त्या दांड्याविषयी काही सांगत होता. माझं लक्ष होतं कुठे? आमच्याकडे बैल घेताना छाती बघतात, खूर बघतात, पाठीवर थाप मारून बघतात. मी थोराड यंत्राभोवती तसाच एक फेरा मारला, चाकावर थाप मारली आणि ट्रॅक्टरमागच्या गाड्यात ते चढवून घेतलं.

वाडीत पोचल्यावर चालवून बघायच्या आधी मी नारळ फोडला. आमची रीतच तशी. दारात नवीन काही आलं की आधी हळदकुंकू, मग नारळ, आणि मग ते चालतं की नाही याची चौकशी. नारळ फुटला की वस्तू घरची झाली. ती परत करायची म्हणजे लग्न लावून आणलेली सून माहेरी धाडल्यासारखं. सगळी वाडी अंगणात जमली होती, आणि मी नवरदेवासारखा मिरवत होतो.

पट्टा चढवला. ट्रॅक्टर बारा पावलांवर उभा केला, तो सुरू केला, आणि अंजनाने पहिली पेंढी यंत्राच्या तोंडाला लावली. यंत्राच्या दातेरी रुळांनी ती तिच्या हातातून हिसकावूनच घेतली. पलीकडून बोटाच्या पेराएवढी कुट्टी भराभर पडायला लागली. लोक वा वा करू लागले. गुंडा म्हणाला, “गड्या, ह्ये तर लय भारी काम झालं!”

वहिनी मात्र कुट्टीकडे बघत नव्हत्या. त्या अंजनाच्या हाताकडे बघत होत्या. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरलेला तो हात प्रत्येक पेंढीमागे वीतभर पुढे ओढला जात होता.

“अंजे, बाजूला हो,” वहिनी म्हणाल्या.

दोरीवर माझा पलटणीतला खाकी शर्ट वाळत होता. वहिनींनी तो काढला, त्याच्या एका बाहीत पाचट ठासून भरलं, मनगटाशी सुतळी बांधली आणि ती बाही एका पेंढीवर घट्ट आवळली. तो शर्ट म्हणजे माझा जीव की प्राण. मी “आवं वैनी, आवं” करत राहिलो, पण त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“भावजी, टॅक्टरवर बसा. मी हाक मारली की बंद करा.”

मी बसलो. बसलो कसला, ट्रॅक्टर बंद करायच्या चापावर हात ठेवून टपूनच राहिलो. ड्रायव्हरकीची अब्रू पणाला लागली होती. वहिनींनी पेंढी तोंडाला लावली. बाहीचं मनगट रुळांना टेकलं मात्र, त्या ओरडल्या. मी त्याच क्षणी ट्रॅक्टर बंद केला. पण ते छातीएवढं चाक, ज्यावर मी थाप मारली होती, ते आपल्याच वजनाने फिरत राहिलं. मनगट गेलं. कोपर गेलं. खांद्यापर्यंत बाही आत गेली तेव्हा कुठे चाक थांबलं.

कुट्टीच्या ढिगावर खाकी चिंध्या आणि अर्धं बटण पडलं होतं. अंजना स्वतःचं मनगट दुसऱ्या हाताने धरून उभी होती. मला घाम फुटला. बॉम्ब पडताना लॉरी हाकली तेव्हाही असा फुटला नव्हता.

“चरकात माजी बोटं गावली तवा मी अशीच वरडले,” वहिनी म्हणाल्या. “बैलं जाग्याला हुबी ऱ्हायली. म्हणून तीन तरी वाचली. बैलाला कान हायत, भावजी. ह्याला हायत का?”

गुंडा पुटपुटला, “पर वैनी, नारळ फुटलाय. कुंकू लागलंय. आता परत न्हेलं तर लोक काय म्हणतील?”

खरं सांगायचं तर गुंडाच्या तोंडून मीच बोलत होतो. सगळ्या वाडीदेखत मी निवडलेलं यंत्र परत न्यायचं, या कल्पनेनेच माझं नाक कापलं जात होतं. अंजनाला जपून काम करायला सांगू, असंही माझ्या मनात येऊन गेलं. आज ते आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावीशी वाटते.

वहिनींनी पदराचं टोक हातात घेतलं आणि चाकावरचं कुंकू पुसून टाकलं. विधवा बाईने कुंकवाला हात लावायचा नाही, हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. बायका जागच्या जागी थिजल्या.

“माजं देवानं पुसलं, ह्येचं मी पुसते,” त्या म्हणाल्या. “पाप लागंल त्ये मला लागू दे. पोरीचा हात ऱ्हाऊ दे.”

एवढी हिंमत मी पलटणीत फार कमी जणांत बघितली होती. आणि ज्यांच्यात बघितली त्यांच्या हातात निदान बंदूक तरी होती.

दुसऱ्या दिवशी वहिनी, अंजना आणि मी असे तिघं यंत्र घेऊन माधवनगरला गेलो. मोठं देऊन लहान मागणारं गिऱ्हाईक दुकानदाराने पहिल्यांदाच बघितलं असावं. आमच्या ट्रॅक्टरवरच पट्टा चढवून त्याने लहान यंत्र सुरू केलं आणि तो दांडा दाखवला. दांडा रेटला की पाती फिरत राहिली तरी रूळ थांबायचे, आणि कडबा आत ओढला जायचा नाही.

वहिनींनी तीन बोटांच्या हाताने दांडा रेटून बघितला. रूळ थांबले. मग त्यांनी विचारलं, “आन् दोनी हात गुतले तर?”

“दोन्ही हात कसे गुंततील, बाई?” दुकानदार हसून म्हणाला.

वहिनींनी डावा हात त्याच्यासमोर धरला. तो हसायचा थांबला. मग त्यांनी कंबरेने दांड्याला धक्का दिला. रूळ पुन्हा थांबले.

“मग हेच घेऊ,” मी घाईने म्हणालो. अक्कल एका दिवसात येत नसते.

“तुमी थांबा. कडबा तुमी घालनार हाय का?” वहिनींनी मागे वळून हाक मारली, “अंजे, फुडं ये. तू बघ आन् तू सांग.”

दोन दिवस चाललेल्या या सगळ्या खटाटोपात अंजनाला कुणीच काही विचारलं नव्हतं. वहिनींना ते सुचलं. मला, तिच्या नवऱ्याला, सुचलं नाही.

अंजना पुढे आली. परक्या माणसासमोर मान वर न करणारी माझी बायको पदर खोचून यंत्रापाशी उभी राहिली. तिने पेंढी लावली. निम्मी पेंढी आत गेली, आणि कुणी हाक मारायच्या आधीच तिने कंबरेने दांडा रेटला. रूळ थांबले. तिचा हात यंत्राच्या तोंडापासून चार बोटांवर होता. तिने पुन्हा लावली, पुन्हा थांबवली. तिसऱ्यांदाही तसंच केलं.

“ह्येच न्यायचं,” ती म्हणाली. “पर दांडा ईतभर लांब करा. माज्या कंबरंला पुरत न्हाई.”

दुकानदाराने मुकाट्याने मान डोलावली आणि लोहाराला बोलवायला माणूस धाडला.

अंजनाने पेंढी खाली ठेवली. वहिनींनी तिचा हात आपल्या हातात घेतला आणि तिथेच, भर दुकानात, चार लोकांदेखत, त्या तिचं एक एक बोट चाचपू लागल्या. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, करंगळीपासून पुन्हा अंगठ्यापर्यंत. भाऊ गेला तेव्हाही, घरचे सांगतात, न रडलेल्या माझ्या वहिनींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायलासुद्धा त्या अंजनाचा हात सोडत नव्हत्या.