परकीवरून ओवाळलेला भाकरतुकडा

समाजशास्त्र घेऊन बी.ए. करणाऱ्या पोरींना बारामतीत जो तो विचारायचा, याच्यानं नोकरी लागती का? प्रतिक्षाला त्या प्रश्नाचं काही वाटायचं नाही. तिला धास्ती होती ती दुसऱ्याच प्रश्नाची: तुमच्या घरचे काय करतात?

पहिल्या वर्षी राजेश्वरीनं तो विचारला तेव्हा हिच्या तोंडून निसटून गेलं, "पळसदेवला बागायत आहे आमची. ऊस." राजेश्वरी इंदापूरकडच्या बड्या शेतकऱ्याची लेक. तिला ते लगेच पटलं आणि दोघींची मैत्री जमली. खरं तर प्रतिक्षाचे आईबाप वर्षानुवर्षं मेंढरांमागं पार कोकणापर्यंत चालत गेलेले. आता मेंढरं विकून बाप एमआयडीसीत रखवालदार झाला होता आणि बिऱ्हाड बारामतीलगतच्या जळोचीत होतं. पोरीची शाळा बुडू नये म्हणून त्यांनी तिला लहानपणीच पळसदेवला सारजाआत्याकडं ठेवलं. दहावीपर्यंत तिची वेणी घातली ती आत्यानं, आणि शाळा चुकवली म्हणून फोकानं बडवली तीही आत्यानंच. यात लाजण्यासारखं काय होतं, ते प्रतिक्षाला स्वतःलाही सांगता आलं नसतं. पण खोटं गोचिडासारखं असतं. चिकटलं की रक्त पिऊन फुगत जातं.

शहाण्णव सालच्या दिवाळीनंतर रणवरे सरांनी वर्गात पाहणी जाहीर केली. भटकंती सोडून एका जागी स्थिरावलेली कुटुंबं, गाव पळसदेव. "मुलाखत घेताना तिऱ्हाईत राहायचं," सर म्हणाले. "नातं जोडायचं नाही, मत द्यायचं नाही." प्रतिक्षाला हे वाक्य फार आवडलं. पळवाट पुस्तकात सापडली की माणसाला ती पळवाट वाटतच नाही! तरी चोराच्या मनात चांदणं. ताप आल्याचं सोंग करावं असं तिच्या मनात होतं, पण न येणाऱ्याचे गुण कापणार असं सरांनी सांगून टाकलं. मग आत्या दिवस उगवल्यापासून रानात असते, वस्तीही कामाला गेलेली असते, या भरवशावर ती एसटीत बसली. उतरताना तिनं उन्हाचं निमित्त करून ओढणी नाकापर्यंत घेतली.

सरांनी जोड्या पाडल्या. राजेश्वरीनं विचारायचं, प्रतिक्षानं लिहायचं. आणि वाटणीला आली नेमकी आत्याचीच आळी.

आत्या दारातच उभी होती. बारामतीच्या कॉलेजची पोरं येणार हे गावात आधीच कळलेलं, आणि त्यात आपली परतू, म्हणजे प्रतिक्षा, असणार म्हणून ती त्या दिवशी रानात गेलीच नव्हती. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली होती. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. घरचं माणूस लांबून आलं की त्याच्यावरून तो ओवाळून टाकायचा, मगच आत घ्यायचं. हसतच ती दोन पावलं पुढं आली.

प्रतिक्षा खाली वाकली आणि चपलेच्या अंगठ्याशी चाळा करू लागली. अंगठा धडधाकट होता.

ती वर बघेना, तशी आत्या थबकली. मेंढीला काटा कुठं रुतलाय हे तिला चालीवरून कळायचं, मग हे कळायला कितीसा वेळ? तांब्या धरलेला हात तसाच वळला. तिनं भाकरतुकडा राजेश्वरीवरून ओवाळला, पाणी फिरवलं आणि तुकडा लांब टाकून दिला.

"लांबनं आलीस बाई, दिष्ट लागंल," ती म्हणाली. मग प्रतिक्षाकडं न बघता, "तुमीबी या. बसा हितं."

तुमी! प्रतिक्षाच्या कानशिलांतून जाळ निघाला. राजेश्वरी मात्र हरखून गेली. "आमच्यात हे फक्त घरच्यांनाच करतात गं, यांच्यात परक्यालासुद्धा! लिही, लिही," ती कानात कुजबुजली. प्रतिक्षानं लिहिलं.

प्रश्न सुरू झाले. जमीन, विहीर, जनावरं. आत्या नीट उत्तरं देत होती.

"घरात कुणी शिकलंय का?"

"ल्योक हाय, सिद्धू. सातवी झालाय. ट्रॅक्टरवर असतो."

"नात्यात एखादी मुलगी? कॉलेजपर्यंत गेलेली?"

आमची परतू प्राध्यापक होणार, असं जिनं अख्ख्या वस्तीला ऐकवून कान किटवले होते, तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"न्हाय बाई," ती म्हणाली. "आमच्यात कुठलं आलंय येवढं शिकायला."

आता बोल, आता तरी बोल, असं प्रतिक्षाचं मन ओरडत होतं. तिनं लिहिलं, कुणी नाही.

पुढच्या तासाला सरांनी राजेश्वरीच्या निरीक्षणाचं भर वर्गात कौतुक केलं. परक्यालाही ओवाळणारा समाज! फळ्यावर त्यांनी ते मोठ्या अक्षरात लिहिलं. ते साफ चूक आहे हे वर्गात एकट्या प्रतिक्षाला ठाऊक होतं, आणि ती मान खाली घालून फळ्यावरचं उतरून घेत बसली. स्वतःची इतकी किळस तिला कधी आली नव्हती.

रविवारी ती एकटीच पळसदेवला गेली. आत्या शिव्या घालेल, फोक काढेल, काढू दे, असं म्हणतच ती उतरली होती. आत्या चुलीपुढं होती. प्रतिक्षा तिच्या पायांशी बसली आणि रडायलाच लागली.

"आत्या, चुकले गं मी."

"तू कशाला चुकतीस? माजंच चुकलं," आत्या म्हणाली. "हौसंनं हुबी ऱ्हायले दारात. पुन्यांदा यायचं आसलं तर आधी निरोप धाड, म्हंजी मी रानात जाईन."

टोमणा असता तर प्रतिक्षाला सोसला असता. पण आत्याच्या बोलण्यात टोमणा नव्हताच. ती खरोखरीच तसं ठरवून बसली होती. तवा उतरवून ती जवळ सरकली आणि दबक्या आवाजात विचारू लागली.

"त्या तुज्या मैतरणीला काय कळलं न्हाय न्हवं?"

"न्हाय."

"बरं झालं बाई," आत्या म्हणाली. तिच्या तोंडावरचा घोर एकदम उतरला. "तवाधरनं जिवाला त्योच घोर हुता."