सात दगडांचं पाणी

यंदाही मासे मेले, तर आई मॉस्कोला जाणार होती, हॉटेलात भांडी घासायला. बेगायिमला हे कुणी सांगितलं नव्हतं. पण घराच्या भिंती पातळ होत्या आणि तिचे कान तिखट. शिवाय आईच्या पलंगाखाली एक मोठी, नवी बॅग येऊन पडली होती.

आईचं तळं घरामागेच होतं. नदीचं पाणी पाटाने आत यायचं आणि त्यात ट्राउट माशांची पिल्लं चमचम करत फिरायची. दोन वर्षं मात्र मे महिन्यात एका सकाळी सगळी पोटं वर! गाव म्हणालं, वरच्या खाणीचं विष. खाण बंद पडून वीस वर्षं झाली होती, पण शिव्या घालायला बरी पडायची.

बेगायिमने शाळेच्या वहीत तारखा लिहून ठेवल्या होत्या. दोन्ही वेळा मासे मेले ते मेंढ्यांच्या आंघोळीच्या दुसऱ्या दिवशी. डोंगरावरच्या कुरणात जाण्याआधी गावच्या मेंढ्या गोचिडांच्या औषधाच्या हौदात बुचकळतात आणि मग हौदाचं बूच काढून पाणी नदीत सोडतात. बूच काढायचा मान तिच्या आजोबांचा, असानकुल अतांचा. तेच अता, जे नदीत थुंकणाऱ्या पोराचा कान पिरगाळायचे!

आंघोळ उद्यावर आली, तेव्हा चहा पिता पिता तिने तोंड उघडलं.

"अता, हौदाचं पाणी नदीत सोडू नका ना. मासे त्यानेच मरतात."

"खुळे, सात दगडांवरून वाहिलं की पाणी शुद्ध होतं. माझे आजोबा सांगायचे."

"त्यांच्या हौदात कुठलं औषध होतं?"

"हौद कुठला? तेव्हा मेंढ्या नदीतच पोहायच्या."

"मग ते दगड मळ धूत होते, अता. औषध नाही."

आईने तिला कोपराने ढोसलं. अतांनी चहाची वाटी खाली ठेवली. "एवढी वकिलीण झालीस, तर उद्या दाखव सगळ्यांसमोर."

झोप कसली येतेय! सकाळी ती दोन घमेली घेऊन हौदाशी हजर. मेंढ्या ठिबकत, शिंकत बाजूला उभ्या होत्या. नदीच्या बादलीभर पाण्यात तिने हौदातलं मगभर औषध मिसळलं.

"दगड तुम्हीच निवडा, अता."

त्यांनी गोटे निवडले गुळगुळीत, थोरले, अगदी नवरी निवडावी तसे. शेजारचा जुमाबेक खो खो हसला. "अता, नातीने पहिलीत बसवलं की तुम्हाला!"

बादलीतलं पाणी उतारावर मांडलेल्या सातही दगडांवरून वाहून एका घमेल्यात पडलं. दुसऱ्यात नुसतं नदीचं. आईने स्वतःच्या हाताने दोन्हींत एकेक पिल्लू सोडलं.

नदीच्या पाण्यातलं पिल्लू भिरभिरलं. दुसरं दोन फेऱ्या मारून कलंडलं, शेपूट हलली, मग तीही नाही.

अता हौदाच्या काठावर बसले. एक हात बुचावर होता, तो त्यांनी चटका बसल्यासारखा काढला.

"गुलझिना," ते आईला म्हणाले, "दोन वर्षं मीच मारत होतो गं."

आईने मान हलवत त्यांची टोपी सरळ केली.

"आणि जुमाबेक, बघतोस काय? फावडी आण!"

नदीपासून लांब, उजाड उतारावर अख्ख्या गावाने खड्डा खणला. बायकांनी तो चिकणमातीने लिंपला. पिंपं गाढवांवर लादून औषध तिकडे नेलं. एक गाढव मध्येच बसलं, तेव्हा अतांनी त्याला ज्या शिव्या दिल्या त्या वहीत लिहिण्यासारख्या नाहीत.

दुसऱ्या सकाळी बेगायिम अनवाणीच तळ्याकडे पळाली. अता आधीच तिथे उकिडवे बसले होते. आईने मूठभर खाद्य फेकलं आणि पाणी नुसतं उकळल्यासारखं उसळलं! बेगायिम एवढ्या जोरात किंचाळली की जुमाबेकचं कुत्रं भुंकायला लागलं.

"ओरडू नकोस, घाबरतील," आई म्हणाली. डोळे पुसून ती पुढे म्हणाली, "आणि पलंगाखालची ती मोठी बॅग काढ. माशांचं खाद्य ठेवू तिच्यात. उंदीर लागणार नाहीत."