तारण ठेवलेली मुलं

टायटसने पिंपाला लोखंडी कडं चढवलं आणि हातोडीचा पहिला घाव घातला, तेवढ्यात लिथगो साहेब दारात येऊन उभा राहिला. लिव्हरपूलच्या एका पेढीचा हा माणूस सकाळीच ग्रेनाडा बेटाच्या धक्क्यावर उतरला होता आणि तेव्हापासून एकच चौकशी करत फिरत होता.

"पंधरा वर्षांपूर्वी कालाबार नदीवरून आमचं जहाज आलं. त्यातलाच ना तू?"

"हो साहेब."

"त्यात सात पोरं होती. तारण ठेवलेली."

टायटसने हातोडी खाली ठेवली. दाराशी उकडलेली केळी विकत बसलेली त्याची बायको बेनेबा गिऱ्हाइकाला सुटे द्यायचे विसरली.

आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, कालाबारला, रीतच होती ती. जहाजवाले कापड, बंदुका, तांब्याच्या सळया उधार द्यायचे आणि ती उधारी फिटायची गुलाम केलेल्या माणसांत. माणसं गोळा करून आणेपर्यंत व्यापारी आपली किंवा गोतावळ्यातली पोरं जहाजावर ठेवायचा. पोरं वर डेकवर हुंदडायची, कप्तानाच्या ताटातलं खायची, आणि माणसं पोचली की आपापल्या घरी जायची. त्या खेपेला जहाजावर ताप आला आणि कप्तानाचा धीर सुटला. त्याने नांगर उचलला. खाली चारशे जण कोंबलेले होते, त्यांत ही सात पोरंही ढकलली.

लिथगोने खिशातून कागद काढला.

"एफियोम व्यापाऱ्याचं पत्र आहे. म्हणतो, जहाज गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी चाळीस माणसं घेऊन काठावर उभा होतो. माझं देणं फिटलंय. माझा मुलगा असुक्वो परत द्या." त्याने मान वर केली. "तुझ्या मालकाशी बोललोय मी. किंमत पेढी देईल. परवा जहाज सुटतं. असुक्वो तूच ना?"

 बेनेबा उठून टायटसच्या कानाशी आली.

"हो म्हण की! तोंड शिवलंय का तुझं?"

"आणि तू?"

"माझं मी बघीन. या गावात केळी खाणारे कमी झालेत का? जा. आई आहे तुझी तिकडे." एवढं बोलेपर्यंत तिचा आवाज फाटला, आणि उगाचच ती गिऱ्हाइकावर खेकसली.

खरं सांगायचं तर टायटसला जायचं होतं. फार जायचं होतं. पण मालकाने नाव टायटस ठेवलं तरी होता तो एफियोम व्यापाऱ्याचाच मुलगा, त्यामुळे तोंडातून आधी प्रश्नच निघाला.

"साहेब, त्या मुलाच्या बदल्यात बाप काय देणार?"

लिथगोची कळी खुलली.

"हां, हे विचारलंस! म्हाताऱ्याने शपथ घेतलीय. मुलाचे पाय काठाला लागेपर्यंत आमच्या पेढीला एक माणूस देणार नाही. पंधरा वर्षं दिला नाही बघ! आता मुलगा उतरला की त्याच दिवशी तीनशे. निवडक. तारणबिरण काही नको."

तीनशे. दहा वर्षांचा असताना बापाने त्याला काम दिलं होतं. माणूस होडीत चढला की मडक्यात ताडाची एक बी टाकायची. त्याची मोजणी कधी चुकली नाही, बाप पाठ थोपटायचा. पुढे जहाजाच्या तळात, मिट्ट काळोखात, एका बाईने त्याचा आवाज ओळखला. "हा तर तो बिया टाकणारा," ती म्हणाली. तिने मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने सरकून त्याला जागा करून दिली. पंधरा वर्षं झाली, अजून त्याला झोपेत बिया पडताना ऐकू यायच्या आणि तो मोजत उठायचा. बेनेबा मग त्याला हलवून जागं करायची.

"असुक्वो गेला, साहेब," टायटस म्हणाला. "वाटेतच. मी ओकोन. कोळ्याचा."

बेनेबाने गर्रकन मान वळवली.

"नक्की?" लिथगोने विचारलं.

"माझ्या मांडीवर गेला."

लिथगो मटकन पिंपावर बसला. "संपलं मग. म्हातारा आता आम्हाला जन्मात दारात उभं करणार नाही." मग तो ओशाळून म्हणाला, "तुझी मात्र कुणी चौकशी केलेली नाही रे."

"नसेलच केली."

माणूस तसा वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती. त्याने पेन्सिल काढली. "त्याची आई विचारणार, शेवटी काय झालं म्हणून. काय लिहू?"

टायटसला त्या सातांतला, वाटेत गेलेला खरा ओकोन आठवला. दोन दिवस तो एकच मागत होता, आणि वरची झडप काही उघडली नाही.

"लिहा, पाणी मागत होता."

"मिळालं?"

टायटसने बेनेबाकडे पाहिलं. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं.

"मिळालं," तो म्हणाला. "मीच पाजलं. आईला सांगा, पोटभर प्यायला."