लाल पट्टा

व्यवस्थापिकाबाईंनी वॉर्डचे दार ढकलले, आणि आतून कुणीतरी ते हळूच परत लोटले.

फटीतून दिसली ती नवी नर्स. खांद्यावरून कमरेपर्यंत लाल पट्टा, ओठ घट्ट मिटलेले. तिने नुसता हात वर केला, थांबा म्हणून.

"अहो, माझी आई आहे आत. ऑपरेशनला नेणार आहेत तिला आता."

नर्सने मान हलवली आणि दार लावून घेतले.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलणार कुणाला? नियम त्यांचाच. पाळी बदलताना एक नर्स दुसरीला प्रत्येक पलंगाशी उभी राहून रुग्णाची माहिती देते, रुग्णालाही विचारते. तेवढा वेळ लाल पट्टा घालायचा, आणि पट्टेवालीच्या कामात कुणी तोंड घालायचे नाही. नातेवाइकांनी नाही, डॉक्टरांनी नाही, खुद्द व्यवस्थापिकेनेही नाही. "सौंदर्यस्पर्धा आहे का?" असे विचारून एका सर्जनसाहेबांनी तेव्हा सगळी बैठक हसवली होती. बाई हटल्या नव्हत्या. त्या कधीच हटत नसत. अख्खे रुग्णालय त्यांना वचकून असे, आणि बाई त्याला शिस्त म्हणत.

आईची प्रकृती तोळामासा. पित्ताशयाचे ऑपरेशन टाळण्यासारखे नव्हते, पण भूल दिल्यावर ती उठेल ना, या धास्तीने बाईंचा जीव टांगणीला लागला होता. आत नेण्याआधी एकदा तिचा हात हातात घ्यायचा होता, बस. एका फोनवर हे दार उघडले असते. त्यांनी फोन काढला, मुख्य परिचारिकेचा नंबर काढला, आणि मग तो तसाच पर्समध्ये टाकून बाकावर बसल्या.

शेजारच्या आजोबांनी सरकून जागा दिली.

"इथे कुणाचं काही चालत नाही," ते म्हणाले. "वरची बाई फार कडक आहे म्हणे."

"हो, मीही ऐकलंय," बाई म्हणाल्या.

दार उघडले. नर्स पट्टा काढतच बाहेर आली. तिचा चेहरा उतरला होता.

"मॅडम, आज ऑपरेशन नाही होणार. मी डॉक्टरांना कळवलंय. आजींनी पहाटे चहा-बिस्किटं घेतलीत."

"काय? तिला तर पाणीसुद्धा बंद होतं!"

"शेजारच्या पलंगावरच्या काकूंनी दिली. आजी सगळ्यांना उपाशीच आहे म्हणत होत्या. आत्ता मी विचारलं, तेव्हा बोलल्या."

भरल्या पोटी भूल दिली तर अन्न उलटून फुप्फुसात जाऊ शकते, हे बाईंना कुणी सांगायला नको होते. त्यांनी त्या मुलीचे हात धरले.

"माझी आई वाचवलीत तुम्ही. कसे आभार मानू तुमचे?"

"मॅडम, तुम्हाला दारातून परत पाठवलं, तेव्हा वाटलं, गेली नोकरी."

"फार चांगलं केलंत," बाई म्हणाल्या आणि डोळे पुसत आत गेल्या.

चोरी पकडल्यासारखी आई पलंगावर बसली होती. बाई तिला टेकून बसल्या, तिच्या केसांवरून हात फिरवला. आई समोर होती, सुखरूप होती, कुरकुरत होती. त्या क्षणी त्यांना आणखी काही नको होते.

"अगं आई, सकाळी मी फोनवर विचारलं होतं ना? तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुला?" आई हसली. "तू घर डोक्यावर घेतलं असतंस. मघाशी दारात तुझा आवाज ऐकला, म्हटलं, आली ही, आता गप्प बसलेलं बरं. पण त्या पोरीने दार लावलं. मग सांगून टाकलं."

बाई बराच वेळ आईच्या अंगावरची चादर सारखी करत राहिल्या.

तेवढ्यात त्यांचे सहायक शोधत आले.

"मॅडम, बैठकीला सगळे विभागप्रमुख जमलेत. अडचण कुणाचीच नाही, नेहमीसारखं सगळं छान आहे म्हणतात. चलायचं?"

"तुम्ही व्हा पुढे," बाई म्हणाल्या. "आज मी नाही म्हणून सांगा त्यांना. आणि बैठकीचं दार लावून पुन्हा विचारा."